फितीच्या काठावरचा एक मिलिमीटर

व्हीएचएस कॅसेटमधली फीत अर्धा इंच रुंद असते. तिचा बहुतेक सगळा पट्टा चित्राच्या वाट्याला जातो. आवाजाला मिळतो तो वरच्या काठाला, एक मिलिमीटर. पावसाळे खाऊन कपाटात पडून राहिलेल्या कॅसेटला पांढरी बुरशी धरते तीही आधी काठालाच. तरी गेली आठ-दहा वर्षं माझ्या दुकानात जुन्या लग्नाच्या कॅसेटी घेऊन जी माणसं येतात, त्यांतली निम्म्याहून अधिक त्या एका मिलिमीटरसाठी येतात. म्हणून आमच्या धंद्याची गोष्ट मला तिथूनच सांगावीशी वाटते.

मी अर्जुनी मोरगावचा. १९९८ साली मामाजींच्या फोटो स्टुडिओत शिकायला लागलो तेव्हा आमचा तालुका भंडारा जिल्ह्यात होता; १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. गोंदियाहून नागभीड-बल्लारशाकडं जाणारी गाडी आमच्या गावावरून जाते, आणि पुढं लागतं वडसा, झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचं गाव. आमचं गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूची धानाची गावं. कापणी-मळणी आटोपली, बांध्या रिकाम्या झाल्या की लग्नं सुरू होतात आणि मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, दिवसाला दोन-दोन लग्नं धरावी लागतात.

मामाजींनी आदल्या वर्षी, १९९७ मध्ये, नागपूरहून एक वापरलेला पॅनासॉनिक आणला होता. खांद्यावर घ्यायचा, अख्खी व्हीएचएस कॅसेट पोटात घेणारा. एका कॅसेटवर तीन तास. त्याच्यासोबत हजार वॉटचा हॅलोजन, तो धरायला एक पोरगा, आणि त्या पोराच्या मागं वायर गुंडाळत-सोडत चालणारा दुसरा पोरगा. पहिली दोन वर्षं तो दुसरा पोरगा मी होतो. हॅलोजनच्या झोतात नवरीच्या कपाळावरचा घाम चमकायचा, वऱ्हाडी डोळे मिटायचे, आणि उजेडाच्या पलीकडं सगळं काळं. आज ते चित्र पाहिलं तर चेहऱ्याच्या कडा विरघळल्यासारख्या वाटतात, लाल शालू बाहेर सांडतो.

पण आवाज! त्या कॅमेऱ्याच्या नाकावर एक माइक होता आणि आम्ही त्याचा कधी विचारच केला नव्हता. तो आपला ऐकत राहायचा. हळद लागताना मांडवात बसलेल्या बायांची गाणी, मधे कोणाचं तरी पोर रडतंय, आचारी पाणी मागतोय, डफडं जवळ येतंय. मामाजींनी मला एकच नियम घालून दिला होता: ‘‘बाया गाऊन राहिल्या न, तर कॅमेरा बंद करू नको. गाणं तुटते.’’ त्या काळी आम्ही जुळवणी फारशी करत नसू. जसं टिपलं तसं द्यायचं. त्यामुळं एकेक गाणं अख्खं फितीवर उतरलं.

तो आवाज इतका चांगला का उतरला हे मला फार उशिरा, डीएसएलआर हातात आल्यावर कळलं. हॅलोजनचा झोत दहा-बारा फुटांपलीकडं पोचायचा नाही. चित्र हवं तर जवळ जाऊन उभं राहावंच लागायचं. कॅमेरा जवळ गेला की त्याच्या नाकावरचा माइकही गेला. अंतर दुप्पट झालं की आवाजाचा दाब निम्मा होतो. आजूबाजूचा गलका मात्र तेवढाच राहतो. कॅमेऱ्याची नजर अधू होती म्हणून आम्ही बायांच्या शेजारी जाऊन बसत होतो, आणि म्हणून त्यांची गाणी वाचली.

मधल्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मिनीडीव्हीची छोटी कॅसेट आली, एडिटिंगला कॉम्प्युटर आला, एडियस आलं, सीडीच्या जागी डीव्हीडी आली. भारनियमनामुळं रात्रीच्या लग्नात जनरेटर कायमचा झाला. नवरा-नवरी बदामाच्या आकारात फिरू लागले. आवाज मात्र अजून ठीक होता. मिनीडीव्ही तो ४८ हजार हर्ट्‌झवर साधा सरळ नोंदवायची, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांवर पातळी हातानं ठरवता यायची.

मग २००८ उजाडलं. ऑगस्टमध्ये निकॉननं डी ९० जाहीर केला, व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर. ७२० ओळींचं चित्र, सेकंदाला २४ फ्रेम, एका वेळी पाच मिनिटं, आवाज एकेरी. महिना उलटायच्या आत कॅननचा ५डी मार्क टू आला: पूर्ण १०८० ओळी, आणि जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढा मोठा सेन्सर. तो खरं तर बातमीदार छायाचित्रकारांसाठी बनवला होता. पण सिनेमावाल्यांनी तो उचलला आणि मे २०१० मध्ये अमेरिकेतल्या ‘हाउस’ मालिकेचा एक अख्खा भाग त्याच्यावर चित्रित झाला.

आपल्याकडच्या शूटिंगवाल्याला या कॅमेऱ्यानं सुरुवातीला एक वेगळाच त्रास दिला, त्याची नोंद करून ठेवतो. तो सेकंदाला फक्त ३० फ्रेम घ्यायचा. आपला टीव्ही, आपली डीव्हीडी, आपले बाकीचे कॅमेरे २५ वर चालणारे. दोन्ही एका टाइमलाइनवर टाकले की चाल अडखळायची. नवरी पावलं टाकायची ती झटके देत. शिवाय आपली वीज ५० हर्ट्‌झची. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते, आणि ३० फ्रेमचा हिशेब त्याच्याशी जुळत नाही. पडद्यावर काळसर पट्टे सरकू लागतात. मार्च २०१० मध्ये कॅननने नवं फर्मवेअर दिलं तेव्हा २४ आणि २५ फ्रेम आल्या, आणि आवाजाची पातळी हातानं ठरवायची सोय आली. म्हणजे पहिलं दीड वर्ष तो कॅमेरा आवाजाबाबत सगळं आपल्याच मनानं करत होता. ट्रॅमेल हडसन नावाच्या प्रोग्रामरनं २००९ मध्ये ‘मॅजिक लँटर्न’ हे बाहेरचं सॉफ्टवेअर लिहिलं तेही याच कारणासाठी, आवाजाचा काटा दिसावा आणि ताबा आपल्या हातात यावा म्हणून. पुढं लोकांनी ते चित्रासाठीच वाखाणलं.

आमच्याकडं हे सगळं तीनेक वर्षं उशिरा पोचलं. २०१२ मध्ये मी नागपूरच्या सीताबर्डीवरून वापरलेला ५५०डी आणि एफ १.८ ची ५० मिलिमीटरची लेन्स घेतली. घरी आणून पहिलं शूटिंग केलं ते आईचं, चुलीपाशी. मागची भिंत धुरासारखी विरून गेली होती आणि आईचा चेहरा सिनेमात दिसावा तसा उभा राहिला होता. मी ती वीस सेकंदं किती वेळा पाहिली असतील सांगता येत नाही. आवाज आहे की नाही हे मी पाहिलंच नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात नवेगावबांधजवळच्या एका गावात तो कॅमेरा पहिल्या लग्नाला नेला. एका फाइलला चार जीबीची मर्यादा, म्हणजे १०८० वर साधारण बारा मिनिटं. मग शूटिंग आपोआप थांबणार. मला हे माहीत होतं, पण मंगलाष्टकांच्या धांदलीत लक्षात राहिलं नाही आणि शेवटच्या ‘सावधान’ला कॅमेरा बंद होता. उन्हानं सेन्सर तापून पडद्यावर थर्मामीटरचं चिन्ह आलं. फोकस आपोआप मागे लागणारा नव्हता, एफ १.८ वर दोन मीटरवरच्या माणसाची वीतभर खोलीसुद्धा स्पष्ट राहत नाही, नवरीनं मान वळवली की डोळे धूसर. दुसऱ्या फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की अर्धी फ्रेम पांढरी आणि अर्धी तशीच, कारण सेन्सर चित्र वरून खाली ओळीनं वाचतो आणि फ्लॅश मधेच येऊन जातो. मांडवाच्या बांबूच्या ताट्यांवर तर इंद्रधनुष्यासारखी नक्षी नाचत होती. १०८० ओळींत बसवण्यासाठी हे कॅमेरे सेन्सरच्या मधल्या ओळी गाळून टाकायचे. बारीक रेघांचं काहीही समोर आलं की असली खोटी नक्षी उमटायची.

यातलं एकेक आम्ही शिकत गेलो. २५ फ्रेम, शटर १/५०. ते ट्यूबलाइटशीही जुळतं आणि हालचालही डोळ्याला दिसते तशी येते. दुपारी उजेड जास्त झाला म्हणून शटर वाढवायचं नाही, लेन्सवर एनडी फिल्टर चढवायचा. व्हाइट बॅलन्स आपोआपवर ठेवला तर हळदीच्या वेळी कॅमेरा पिवळा रंग चूक समजून धुऊन काढतो, म्हणून केल्व्हिनचा आकडा स्वतः ठरवायचा. शार्पनेस शून्यावर, कॉन्ट्रास्ट खाली. कॅमेऱ्यावर कायम छत्री. हे सगळं करूनसुद्धा जनरेटरवरच्या मांडवात पट्टे सरकायचे आणि आम्ही एकमेकांना फोन करून विचारायचो. छोट्या जनरेटरचे ५० हर्ट्‌झ हे ५० राहतच नाहीत, कूलर चालू झाला की खाली येतात. हे आम्हाला कळवलं ते साउंड सर्व्हिसच्या एका वायरमननं. तेव्हापासून मी स्वतःचे बॅटरीवर चालणारे एलईडी नेतो.

दोन सीझनमध्ये चित्र देखणं झालं. खरोखर देखणं. गोठणगाव, नवेगावबांध, दरेकसाच्या हाजराफॉलला प्री-वेडिंगसाठी जोडप्यांचे मेळे भरू लागले. लांबून घ्यायची ७०-२०० ची लेन्स आली, आणि आम्ही मांडवाच्या टोकाला उभे राहून नवरीच्या पापणीवरचं पाणी टिपू लागलो.

आणि त्या वीस-पंचवीस फुटांत गाणी गेली.

कॅमेऱ्याला कान होता, पण तो मांडवाच्या टोकाला होता. त्याचं आवाजाचं यंत्र आपोआप पातळी ठरवणारं. शांतता असली की ते कान टवकारतं आणि पोकळ सळसळ मोठी करतं. मग ‘सावधान’नंतर बँडचा पहिला ठोका फाटून जातो आणि घाबरून यंत्र सगळंच इतकं खाली दाबतं की पुढची काही सेकंदं भटजीबुवा विहिरीतून बोलल्यासारखे. त्यात लेन्स फिरवल्याची खरखर, जनरेटरची घरघर, पंख्याचा वारा. असला आवाज द्यायचा कसा? आम्ही तो बंद केला. त्यावर सिनेमाचं गाणं टाकलं. गिऱ्हाईक खूश झालं, आणि हीच रीत पडली. २०१२ ते २०१७-१८ मी केलेली शे-सव्वाशे लग्नं आज काढून पाहिली तर त्यांत एकाही नवरीच्या आईचा आवाज नाही. पाठवणीच्या वेळचं रडणं दिसतं, ऐकू येत नाही. हे कोण्या कॅमेऱ्यानं केलं असं मी म्हणणार नाही. आवाज मी पुसला, माझ्या हातानं.

याच वर्षांची आणखी एक हुकलेली गोष्ट. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडया भरतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक, अशी जोडी. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये परत परवानगी मिळाली. निकालाचा बरा-वाईट विचार इथं करत नाही. पण ती सात वर्षं म्हणजे आमच्या भागातली डीएसएलआरची ऐन वर्षं. त्यामुळं आमचे शंकरपट एक तर धूसर व्हीएचएसवर आहेत नाही तर मोबाइलवर. मधला मोठा सेन्सर त्यांनी पाहिलाच नाही.

नाटकांनीच मला परत ऐकायला शिकवलं. झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाच्या पुढं सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं, गाणी रंगमंचावर प्रत्यक्ष गायली जातात, आणि थंडीत घोंगडी पांघरून बसलेले प्रेक्षक टाळ्या-शिट्ट्यांनी ‘वन्स मोअर’ घेतात. २०१५ च्या हिवाळ्यात एका मंडळानं मला अख्खं नाटक टिपायला सांगितलं. लग्नात गाणं टाकून वेळ मारून नेली होती. नाटकात संवादच नसले तर उरलं काय? मी साउंडवाल्याच्या मिक्सरचा आउट थेट कॅमेऱ्याच्या माइकच्या छिद्रात जोडला. घरी येऊन ऐकलं तर नुसतं फाटलेलं. माइकच्या छिद्राला काही हजारांश व्होल्टची सवय, आणि मिक्सरमधून येतो एक व्होल्टच्या आसपास.

आमच्या गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी उपाय केला. दहा हजार ओमचा एक रेझिस्टर आणि शंभर ओमचा एक, पिनेच्या टोपणातच डाख देऊन बसवले. येणारा आवाज शंभर पट खाली. त्या वायरीला त्यांनी काही पैसे घेतले नाहीत. पुढच्या नाटकाला मी झूमचा एच१ रेकॉर्डर घेऊन गेलो: मिक्सरचा आवाज त्याच्यावर, आणि दुसरा एक रेकॉर्डर प्रेक्षकांच्या मधोमध बांबूला बांधलेला, हसू-टाळ्यांसाठी. दर बारा मिनिटांनी नवी फाइल सुरू झाली की एकदा मोठ्यानं टाळी, म्हणजे चित्रातली टाळी आणि लाटेतला उंच दांडा जुळवता येतो. दोन यंत्रांची घड्याळं वेगळी चालतात. तासाभरात ओठ आणि शब्द यांच्यात फट पडते, आणि तुकड्यातुकड्यानं ती सांधावी लागते. पहाटे साडेचारला शेवटचा प्रवेश संपला तेव्हा हेडफोनमधून तबल्याचा घुमारा पोटात उतरत होता. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मी माझ्या हार्डडिस्कमध्ये झाडीपट्टीचं काय काय आहे ते काढून पाहिलं. २०१५ च्या आधीची सगळी नाटकं मुकी किंवा फाटकी. नंतरची ऐकता येतात.

गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. तिथल्या लांब शिंगांचा खर्ज मी एकदा कॅमेऱ्यावर घेतला आणि एकदा रेकॉर्डरवर, पातळी हातानं लावून. पहिल्यात शिंग वाजलं की मंत्र बुडतात. दुसऱ्यात दोन्ही आपापल्या जागी. नव्या पोरांना मी समजावून सांगत बसत नाही, हे दोन तुकडे लागोपाठ ऐकवतो.

आता सारसांबद्दल सांगायचं राहिलं. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस आमच्या जिल्ह्यात आणि शेजारच्या भंडाऱ्यात, तेही मोजके. माणसाएवढा उंच पक्षी. धानाच्या बांधीत, बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठाला जोडीनं राहतो. पावसाळ्यात, रोवणी आटोपली की घरटं. त्याच्या जवळ जायचं नसतं, म्हणून लांबची लेन्स, आणि तिनं चित्र मिळतं. पण सारसाची खरी ओळख त्याची हाक. नर-मादी मान आकाशाकडं करून एका सुरात ओरडतात. त्यांची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळं घेऊन बसलेली असते, त्यामुळं तो आवाज तुतारीसारखा घुमत दूरवर जातो. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वन अधिकारी होते, तिथल्याच माधवराव पाटील डोंगरवारांसोबत रानात फिरले, आणि त्यांच्या लिखाणात रान ऐकू येतं. कॅमेरावाल्यांनी त्यांच्याकडून हे घ्यायला हवं होतं. आम्ही त्यांच्या पुस्तकांतून पक्ष्यांची नावं तेवढी घेतली.

२०१९ च्या सप्टेंबरात एका शेतकऱ्याच्या परवानगीनं मी त्याच्या बांधीच्या पारीवर, घरट्यापासून बरंच दूर, रेकॉर्डर रात्रीच ठेवून आलो. वाऱ्यासाठी त्याला जुन्या ब्लँकेटच्या लवदार कापडाची टोपी शिवली होती. उघड्या माइकवर वारा आदळला की ढग गडगडल्यासारखा आवाज येतो. पहाटे कॅमेरा रस्त्यावरून लावला. धुकं इतकं होतं की चित्रात राखाडी रंगाशिवाय काही नाही. आवाजात आधी बेडूक, मग दूर गोंदियाकडं जाणारी गाडी, मग पाणी, मग ती जोडी. शेतकऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, ‘‘हे आमच्या बांधीतलेच. मादीचा आवाज असाच आखूड आहे.’’

आता मी लग्नात तीन रेकॉर्डर नेतो. एक भटजीबुवांच्या उपरण्याला, एक मिक्सरवर, आणि एक बायांच्या घोळक्यात, पानसुपारीच्या ताटाशेजारी. तिसऱ्यासाठी मी वेगळे पैसे घेत नाही. अलीकडं त्याच्यावर गाणी कमीच येतात. डीजे सुरू झाला की बाया गप्प होतात. ज्यांना अख्खी गाणी येतात त्या म्हाताऱ्या आता प्रत्येक गावात दोन-तीनच असतील. मी मांडवात गेलो की आधी त्यांना शोधतो आणि त्यांच्या पुढ्यात बसतो, कॅमेरा मांडीवर घेऊन.

गेल्या वैशाखात इटियाडोहाकडच्या एका गावातून एक बाई कॅसेट घेऊन आल्या. २००० सालची, त्यांच्याच लग्नाची. मामाजींच्या अक्षरातलं लेबल अजून चिकटलेलं. फीत काठाला पांढरी झालेली. तीन दिवस कोरड्या डब्यात ठेवून, मग मऊ कापडावरून हळूहळू फिरवून मी ती लावली. चित्र उडत होतं, खालच्या भागात नुसता हिमवर्षाव. मी म्हटलं, हेड पुन्हा पुसून बघतो, वेळ लागेल.

‘‘चित्र नाही आलं तरी चालते भाऊ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मायचा आवाज काढून द्या.’’

दुसऱ्या तासाच्या शेवटाला तो आला. सात-आठ बाया, हळदीचं गाणं, आणि मधे एक आवाज बाकीच्यांपेक्षा अर्धा शब्द पुढं धावणारा. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि बोटानं स्पीकरकडं दाखवलं. गाणं कुठंही तुटलं नव्हतं. कॅमेरा तेव्हा मामाजींच्या खांद्यावर होता. वायर धरून मागं मी.